डेमोडेक्स आणि गळणारे केस: एका देशी कुत्रीच्या उपचारांच्या नोंदी

१० जून २०२४, सकाळ

देशी कुत्री, वय साधारण १० महिने, वजन १४.२ किलो, नसबंदी झालेली नाही. पुण्यातलं घर, जेवण मुख्यतः दूध-पोळी. घरात दुसरा कुत्रा आहे: लॅब्रेडॉर, नर, ७ वर्षांचा, वजन ३४ किलो.

केस गळायला डोळ्यांभोवती आणि पुढच्या पायांवर सुरुवात झाली. आता मान, छाती, खांदे आणि चारही पंजे धरून टक्कल आहे. कातडी जाड, करडी, हाताला तेलकट. छातीवर पुळ्या आणि पिवळ्या खपल्या, बोटांच्या बेचक्यांत सूज. खाज मध्यम आहे, १० पैकी ५ धरली. पुळ्या नाहीत तिथे ती फारशी खाजवत नाही, ही गोष्ट महत्त्वाची.

आधी झालेले उपचार: दर आठवड्याला आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन, क्लोबेटासॉल असलेलं तिहेरी मलम (स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकाच ट्यूबमध्ये), आणि गेल्या आठवड्यात गाडीचं जळकं ऑइल. जळक्या ऑइलमध्ये इंजिनातले धातूंचे कण आणि इंधनाचे अवशेष असतात. कुत्रं ते चाटतं, आणि उघड्या कातडीतूनही ते अंगात जातं. लूत लागलेल्या कुत्र्याला ऑइल चोपडण्याची पद्धत गावात आणि शहरात दोन्हीकडे आहे. त्यानं माइट (कातडीतले सूक्ष्म परजीवी; डेमोडेक्स हा त्यांतलाच एक) मरत नाहीत, कातडी मात्र भाजते.

ऑइल आजच काढायचं, पण नमुने घेऊन झाल्यावर. आधी आंघोळ घातली तर कातडीवरचे जंतू धुतले जातात आणि काचपट्टी खोटं बोलते.

शरीराच्या दोन्ही बाजूंचा नकाशा कागदावर काढून पाच जागांना क्रमांक दिले: १) डाव्या डोळ्याखाली, २) छाती, ३) उजवा खांदा, ४) पुढचा डावा पंजा, ५) मागचा उजवा पंजा. पुढची प्रत्येक तपासणी याच पाच जागांची. जागा बदलल्या तर आकड्यांची तुलना करता येत नाही.

१० जून, दुपार

पिसवांचा बारीक कंगवा कमरेपासून शेपटीच्या बुडापर्यंत फिरवला. पडलेला काळा चुरा ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवला, तांबडा डाग उमटला नाही. म्हणजे ती पिसवांची विष्ठा नव्हे, साधी माती. कानात आणि बोटांत मिळून चार गोचिडी.

कानाची कड दोन बोटांत धरून चोळली, मागचा पाय खाजवायला हलला नाही. कानाच्या कडा आणि कोपरं स्वच्छ, घरात कुणाला खाज नाही. सार्कोप्टिस या दुसऱ्या माइटच्या खरजेची शक्यता कमी, पण ती पूर्ण बाद करत नाही. त्या खरजेत खरवडलेल्या नमुन्यात माइट सापडत नाही असं वारंवार होतं.

मुख्य तपासणी खोल खरवडीची. पद्धत अशी:

१० नंबरचं ब्लेड, धार थोडी बोथट करून. कातडीवर आणि ब्लेडवर लिक्विड पॅराफिनचा थेंब. कातडीची घडी अंगठा आणि तर्जनीत धरून दाबायची, म्हणजे मुळातले माइट वर येतात. मग केसांच्या दिशेनं, ब्लेड काटकोनात धरून, केशवाहिन्यांतून बारीक रक्त पाझरेपर्यंत खरवडायचं. नुसता कोंडा उचलून काही कळत नाही. डेमोडेक्स केसांच्या मुळाशी राहतो, वर नाही. नमुना काचपट्टीवर घेऊन कव्हरस्लिप ठेवायची, कंडेन्सर खाली घ्यायचा आणि प्रकाश कमी करायचा. ४ च्या भिंगानं पूर्ण पट्टी चाळायची, १० च्या भिंगानं खात्री करायची. प्रकाश भडक ठेवला की पारदर्शक माइट समोर असूनही दिसत नाहीत, आणि तपासणी ‘निगेटिव्ह’ लिहिली जाते.

डोळ्याखाली आणि पंज्यांवर ब्लेड चालवणं धोक्याचं आणि दुखणारं. तिथे चिमट्यानं केस मुळासकट उपटून तेलात पाहिले.

जागा १: मोठे माइट ६, अंडी २. जागा २: मोठे १९, अळ्या आणि निम्फ (अळीनंतरची अवस्था) ११, अंडी ८. जागा ३: मोठे १२, अंडी ५. जागा ४: मोठे २३, अळ्या आणि निम्फ ९, अंडी १४. जागा ५: मोठे १७, अंडी ६. बहुतेक जिवंत, पाय हलताना दिसतात. अळीला सहा पाय, निम्फला आणि मोठ्याला आठ. अंडी दोन्ही टोकांना निमुळती.

एखाद-दुसरा माइट निरोगी कातडीतही असू शकतो. पिल्लं जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत आईच्या अंगावरून ते घेतात. इथे पाचही जागी मोठे माइट आणि अंडी आहेत, दोन जागी अळ्या आणि निम्फही, म्हणजे वाढ चालू आहे. निदान: सर्वांगी डेमोडिकोसिस (डेमोडेक्सचा आजार), तरुण वयातला.

छातीवरची पुळी फोडून काचपट्टी टेकवली, डिफ-क्विक या झटपट रंगानं रंगवली. गोल जंतू पांढऱ्या पेशींच्या आत दिसले. बाहेर पडलेले जंतू नुसते रहिवासी असू शकतात, पेशीनं गिळलेले म्हणजे संसर्ग खरा.

नायट्यासाठी वूड्स लॅम्प (अतिनील प्रकाशाचा दिवा) पाच मिनिटं तापवून अंधारात फिरवला. केसांवर हिरवी चमक नाही. पण सगळ्या बुरशी चमकत नाहीत, म्हणून कडेचे केस डीटीएम माध्यमावर (नायट्याची बुरशी वाढवून पाहायला) लावले.

नमुने संपल्यावर ऑइल काढलं: भांडी घासायचं लिक्विड पातळ करून, कोमट पाण्यात, हे फक्त एकदाच. रोजच्या आंघोळीला ते चालत नाही, कातडीचं उरलंसुरलं तेल काढून टाकतं.

१२ जून

रक्त: हिमोग्लोबिन १०.८, प्लेटलेट्स ठीक. गोचीडतापाची चाचणी निगेटिव्ह. शीमध्ये हुकवर्मची अंडी. जंताचं औषध फेनबेंडाझोल ५० मिग्रॅ प्रतिकिलो, म्हणजे रोज ७१० मिग्रॅ, सलग तीन दिवस.

जंत, रक्तक्षय, दूध-पोळीचं कमी प्रथिनांचं जेवण आणि त्यावर स्टेरॉइडचं मलम. डेमोडेक्सला आवर घालणारी प्रतिकारशक्ती खाली नेणारी सगळी कारणं या एका कुत्रीत एकत्र आहेत. मलम आजपासून बंद. क्लोबेटासॉल कातडीतून शोषलं जातं आणि चाटण्यातून पोटातही जातं. सुस्ती, उलटी किंवा जेवण सोडणं दिसलं तर लगेच कळवायचं, कारण बरेच दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार होणं मंदावलेलं असू शकतं.

आयव्हरमेक्टिनबद्दल. आठवड्याचं इंजेक्शन सार्कोप्टिसला पुरतं, डेमोडेक्सला नाही. डेमोडेक्ससाठी ते तोंडावाटे रोज ०.३ ते ०.६ मिग्रॅ प्रतिकिलो, कमी डोसपासून चढवत, महिनोन्महिने द्यावं लागतं. कॉली, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि त्यांच्या संकरात एमडीआर-१ जनुकाचा दोष असेल तर हा डोस मेंदूत चढून जीव घेऊ शकतो. स्पिनोसॅड या पिसवांच्या औषधासोबत तर कुठल्याच कुत्र्याला नको.

अमिट्राझ या अंगाला लावायच्या माइटनाशकाचाही विचार केला. १२.५ टक्क्यांचं द्रावण लिटरला ४ मिली घातलं की ०.०५ टक्के होतं. पण अंगावर उघड्या जखमा आहेत, आणि पावसाळ्यात पंजे भिजले की औषध धुऊन जातं. गुंगी, हृदयाचे ठोके मंदावणं आणि रक्तातली साखर वाढणं हे त्याचे ठळक दुष्परिणाम. घरात मधुमेही किंवा दम्याचं माणूस असेल तर त्यानं हे हाताळू नये. इथे आजोबांना दमा आहे. पर्याय रद्द.

निवड: फ्लुरालानर, चघळायची गोळी. १० ते २० किलोच्या गटासाठी ५०० मिग्रॅ, म्हणजे हिला साधारण ३५ मिग्रॅ प्रतिकिलो. असर १२ आठवडे. गोचिडीही त्यातच जातात, आणि सार्कोप्टिस लपलेला असेल तर तोही. या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना झटके आल्याचं नोंदलं गेलं आहे आणि अमेरिकेच्या एफडीएनं २०१८ मध्ये तसा इशारा दिला आहे. झटक्यांचा इतिहास पालकांना नेमका विचारला: नाही.

१३ जून

गोळी भरपेट जेवणासोबत दिली. उपाशीपोटी दिली तर शोषण कमी होतं. तासभर नजर ठेवली, उलटी नाही.

सेफॅलेक्सिन (अँटिबायोटिक) २५० मिग्रॅची दीड गोळी दिवसातून दोनदा, जेवणासोबत. एका वेळी ३७५ मिग्रॅ, म्हणजे साधारण २६ मिग्रॅ प्रतिकिलो. संसर्ग खोल आहे म्हणून किमान तीन आठवडे. मध्येच पुळ्या सुकल्या म्हणून थांबवायचं नाही.

छाती, मान आणि पंज्यांवरचे उरलेले केस क्लिपरनं आखूड केले. लांब केसांत शाम्पू कातडीपर्यंत पोचत नाही.

१६ जून

पहिली औषधी आंघोळ. ४ टक्के क्लोरहेक्सिडीन शाम्पू, आठवड्यातून दोनदा: गुरुवार आणि रविवार.

आंघोळीत चूक होते ती वेळेत. फेस आला की लोक धुऊन टाकतात. औषध कातडीवर दहा मिनिटं राहायला हवं, घड्याळ लावून. फेस सर्वात वाईट जागी, म्हणजे छाती आणि पंजांना, आधी लावायचा आणि तिथूनच धुवायला शेवटी यायचं. पाणी कोमट, गरम नाही, गरम पाण्यानं खाज भडकते. खपल्या नखांनी उकरायच्या नाहीत, भिजून आपोआप सुटतील तेवढ्याच जाऊ द्यायच्या. डोळ्यांत शाम्पू जाऊ द्यायचा नाही, क्लोरहेक्सिडीननं बुबुळाला इजा होते. चेहरा ओल्या कपड्यानं पुसायचा.

सुकवणं अर्धं काम आहे. टॉवेलनं दाबून टिपायचं, घासायचं नाही. मग ड्रायरची गार हवा, बोटांच्या बेचक्या उघडून. जून ते सप्टेंबर पुण्यात दमट कातडी स्वतःहून सुकत नाही.

घरातली माणसांची अँटिसेप्टिक लिक्विड, डोक्याचा शाम्पू, टी ट्री तेल बंद. कडुलिंबाच्या तेलाबद्दलही विचारणा झाली. चाटलं तर उलट्या होतात आणि मुळाशी बसलेला माइट त्यानं मरत नाही, म्हणून नको.

जेवण: वजनावरून विश्रांतीची गरज रोज साधारण ५१२ कॅलरी, वाढीचं वय आणि अशक्तपणा धरून ९२० च्या आसपास. अर्धं प्रमाण चांगल्या पपी फूडचं, बाकी भात, हाडाशिवाय उकडलेलं चिकन आणि रोज एक उकडलेलं अंडं. दूध बंद. कांदा-लसूण घातलेली घरची आमटी अजिबात नाही.

२८ जून

पुळ्या सुकल्या, वास गेला. खाज १० पैकी २. पालकांची काळजी अशी की कोंडा वाढलाय आणि आणखी केस गळाले. माइटनी सैल केलेले केस आंघोळीत निघतात आणि जाड झालेल्या कातडीचे पापुद्रे सुटतात. हे बिघडणं नव्हे, औषध बदलू नये.

छातीचा स्मिअर: पेशी थोड्या, गोल जंतू नाहीत. जंतू तसेच दिसले असते तर अंदाजानं दुसरं अँटिबायोटिक न देता कल्चर (जंतू वाढवून कुठलं औषध चालतं ते पाहणं) पाठवलं असतं. स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमिडियस या कुत्र्यांच्या कातडीवरच्या नेहमीच्या जंतूमध्ये औषधांना न जुमानणारे प्रकार आहेत, आणि दर वेळी अंदाजानं औषध बदलत गेलं की तेच मागे उरतात.

१ जुलै

डीटीएमवर तीन आठवड्यांत नायट्याची बुरशी नाही. नायटा बाद. शेवटच्या दिवसांत माध्यम लालसर झालं, पण करड्या-हिरव्या बुरशीनंतर. नायट्याचा लाल रंग पांढऱ्या कापसासारख्या वाढीसोबतच येतो. नळी रोज पाहिली नाही तर हा फरक निसटतो आणि कुत्र्याला विनाकारण महिनाभर बुरशीचं औषध मिळतं.

११ जुलै

पहिली महिन्याची खरवड, त्याच पाच जागा.

जागा १: मोठे १, मेलेला. जागा २: मोठे ४, सगळे मेलेले. जागा ३: काही नाही. जागा ४: मोठे ७, त्यातले २ जिवंत, अंडी १. जागा ५: मोठे ५, सगळे मेलेले.

अंडी जवळजवळ संपली, हे एकूण आकड्यापेक्षा महत्त्वाचं. पंजे सर्वात मागे राहतात, हे नेहमीचंच. सेफॅलेक्सिन चार आठवडे पूर्ण करून आज बंद. आंघोळ आठवड्यातून एकदा.

१८ जुलै

आज मुख्य रुग्ण लॅब्रेडॉर. त्याच्या दोन्ही कुशींवर आणि शेपटीवर केस विरळ आहेत. पालकांना वाटतं कुत्रीचं लागलं. डेमोडेक्स एका मोठ्या कुत्र्याकडून दुसऱ्याला किंवा माणसाला लागत नाही, आणि या दोघांच्या कातडीत काहीच सारखं नाही. याचं टक्कल दोन्ही बाजूंना आरशात पाहावं तसं सारखं, खाज शून्य, शेपटी उंदरासारखी, वर्षभरात वजन वाढलेलं, फिरायला नाखूश. खरवड आणि केस दोन्ही निगेटिव्ह.

रक्त: टी-४ (थायरॉइडचं संप्रेरक) ०.६ मायक्रोग्रॅम प्रतिडेसिलिटर (कमी), टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) ०.९ (जास्त), कोलेस्टेरॉल ४१०. टी-४ एकटं कमी असून चालत नाही. कुठल्याही आजारात, आणि स्टेरॉइड, फेनोबार्बिटल किंवा सल्फा चालू असताना ते खाली येतं. टीएसएच वर आणि लक्षणं जुळणारी, म्हणून थायरॉइडची कमतरता पक्की.

लेव्होथायरॉक्सिन ६०० मायक्रोग्रॅम, दिवसातून दोनदा. कुत्र्याचा डोस साधारण २० मायक्रोग्रॅम प्रतिकिलो दर १२ तासांनी असतो, माणसाच्या कित्येक पट. मेडिकलवाल्याला ही चिठ्ठी चुकीची वाटणार आणि तो कमी देऊ पाहणार. म्हणून चिठ्ठीवर ‘कुत्र्यासाठी, वजन ३४ किलो, डोस तपासलेला’ असं ठळक लिहून दिलं. गोळी जेवणाआधी तासभर, रोज त्याच पद्धतीनं.

२४ जुलै

कुत्री पुन्हा पंजे चाटू लागली, बेचक्या लाल, आंबूस वास. पालकांना माइट परत आल्याची भीती. टेप लावून रंगवली: भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराचे यीस्ट, दर भिंगक्षेत्रात १० पेक्षा जास्त. मॅलेसेझिया, पावसाची देणगी. गोळीचा दोष नाही.

२ टक्के क्लोरहेक्सिडीन आणि २ टक्के मायकोनाझोलचे वाइप्स, दिवसातून दोनदा दहा दिवस. बाहेरून आल्यावर साध्या पाण्यानं पंजे धुऊन पूर्ण कोरडे, मगच वाइप. टाल्कम पावडर नको, ओलीत तिचे गोळे होऊन बेचक्यांत साचतात.

८ ऑगस्ट

केस जवळजवळ पूर्ण आले. वजन १६.१, हिमोग्लोबिन १३.२. दिसायला कुत्री बरी आहे, आणि नेमक्या याच टप्प्यावर उपचार सोडले जातात.

खरवड: जागा १, २, ३, ५ रिकाम्या. जागा ४: मेलेले मोठे २. मेलेले असले तरी ही पट्टी निगेटिव्ह धरत नाही. निगेटिव्ह म्हणजे कुठल्याही जागी, कुठल्याही अवस्थेतला, जिवंत किंवा मेलेला, एकही नाही.

५ सप्टेंबर

१२ आठवडे पूर्ण. फ्लुरालानरची दुसरी गोळी देण्याआधी वजन पुन्हा केलं: १६.८, गट तोच. पाचही जागा रिकाम्या. पहिली निगेटिव्ह.

लॅब्रेडॉर: गोळीनंतर पाच तासांनी रक्त घेतलं, टी-४ ३.१. डोस कायम. वेळ न पाहता घेतलेल्या रक्तावर डोस वाढवू-कमी करू नये. केसांची घाई नाही, त्यांना आणखी काही महिने लागतील. चालण्यातला उत्साह मात्र आधीच दिसतो.

३ ऑक्टोबर

दुसरी निगेटिव्ह, पहिलीनंतर चार आठवड्यांनी. आणखी किमान चार आठवडे उपचार चालू राहायला हवेत, ते दुसऱ्या गोळीत येतात, तिचा असर २८ नोव्हेंबरपर्यंत आहे.

२१ ऑक्टोबर

नसबंदी केली. कुत्री माजावर आली की संप्रेरकांच्या चढउतारात डेमोडेक्स उलटू शकतो, शिवाय हा कल आनुवंशिक असल्यानं सर्वांगी डेमोडिकोसिस झालेल्या कुत्र्याची पैदास करायचीच नाही. शस्त्रक्रिया कातडी स्वच्छ होईपर्यंत थांबवली होती: पुळ्यांच्या पोटावर चीर घेतली की टाके पिकतात. टाक्यांची सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड द्यायचं नाही, हे केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईत.

३१ ऑक्टोबर

टाके सुकले. खरवड तिसऱ्यांदा निगेटिव्ह. लॅब्रेडॉरचं वजन ३१.६, कुशींवर बारीक नवे केस.

कुत्रीचं पुढचं वेळापत्रक पालकांना लिहून दिलं. २८ नोव्हेंबरनंतर गोचिडींसाठी याच गटातली महिन्याची गोळी (अफॉक्सोलानर, १० ते २५ किलोसाठी ६८ मिग्रॅ). उलटण्याचा धोका पहिल्या वर्षात सर्वाधिक, म्हणून फेब्रुवारी, मे आणि ऑगस्टमध्ये त्याच पाच जागांची खरवड. मधल्या काळात डोळ्याभोवती किंवा पंजावर नाण्याएवढं टक्कल दिसलं तर मलम न लावता, आंघोळ न घालता आणायचं. दुसऱ्या कुठल्याही दवाखान्यात खाजेवर इंजेक्शन सुचवलं तर ‘डेमोडेक्स होऊन गेलाय, स्टेरॉइड नको’ हे आधी सांगायचं आणि केसपेपर दाखवायचा.